भ्रमाचा भोपळा आणि वजनाचा काटा

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊसाच्या अंकात भोपळा कुठून उगवला, असे काही जण म्हणतील. तर त्याचे कारण आधी सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच सभासदांनी खोडवा तुटून गेल्यावर रिकाम्या झालेल्या रानात उन्हाळी तांबडा भोपळा टोकला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बी टोकायचे, चार महिन्यांत माल काढायचा आणि रान तयार करून जुलैत आडसाली लागण करायची, असा हा हिशेब. हिशेब चांगला आहे. बेवड पालटतो, मधल्या काळात हातात चार पैसे येतात, आणि भोपळा टिकाऊ असल्याने आज भाव नाही तर आठ-पंधरा दिवस थांबताही येते.

पण गट कार्यालयाच्या बैठकांत एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागली. "साहेब, रानात नऊ टन माल होता, वाशीची पट्टी सातची आली. दोन टन कुठे गेले?" कोणी म्हणाले बाजारात मारले, कोणी म्हणाले गाडीवाल्याने वाटेत उतरवले. आणि मग बोलता बोलता गाडी आपल्याच अंगणात येते. "ऊसाचे तरी काय, फडात साठ टनांचा दिसतो आणि काट्यावर पन्नास भरतो!"

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वजनावरचा विश्वास उडाला तर सहकाराचे काही शिल्लक राहत नाही. म्हणून या लेखात भोपळा हातात घेऊन वजनाचा विषय मुळापासून बघायचा आहे. आकार, घेर, पोकळी आणि वजन यांचे नाते एकदा डोक्यात बसले की कोण कुठे फसवतो आणि आपले डोळे आपल्याला कुठे फसवतात, हे दोन्ही वेगळे करता येते.

भोपळा डोळ्याला का फसवतो

आपल्या भाषेत भोपळ्याची अब्रू आधीच फारशी नाही. परीक्षेत शून्य मिळाले की पोराला भोपळा मिळाला म्हणतो, आणि खोटी समजूत उघडी पडली की भ्रमाचा भोपळा फुटला म्हणतो. या म्हणण्यात शास्त्र आहे. भोपळा बाहेरून भरलेला दिसतो आणि आतून पोकळ असतो. त्यामुळे बाहेरच्या दिसण्यावरून वजन सांगणे हे मोठे जोखमीचे काम.

पहिली गोष्ट घेराची. समजा दोन गोल भोपळे आहेत. एकाचा घेर ७५ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ९४ सेंटिमीटर. नजरेला दुसरा सव्वापट मोठा दिसतो. आता वजन किती जास्त असेल? बहुतेक जण सव्वापट नाही तर दीडपट म्हणतील. प्रत्यक्षात ते जवळजवळ दुप्पट असते. कारण भोपळा लांबीतही वाढतो, रुंदीतही वाढतो आणि उंचीतही वाढतो. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा केले की १.९५ येतात. पहिला पाच किलोचा असेल तर दुसरा दहा किलोच्या घरात जातो.

याचा व्यवहारातला अर्थ नीट ध्यानात घ्या. बांधावर येऊन नगावर माल मागणारा व्यापारी असतो. तो म्हणतो, "लहान-मोठे सगळे एकाच भावात देऊन टाका, निवडत बसू नका." समजा रानात ३०० फळे आहेत, त्यांतली २०० पाच किलोची आणि १०० दहा किलोची. एकूण माल झाला २००० किलो. व्यापाऱ्याने सरासरी साडेपाच किलो धरली आणि तुम्ही मान हलवली, तर हिशेब झाला १६५० किलोंचा. साडेतीनशे किलो माल तुम्ही फुकट दिला आणि वर चहाही पाजला. यात काटा कुठेच आला नाही, म्हणून काटामारीही झाली नाही. फसवणूक झाली ती नजरेची.

एकच घेर, वजने दोन

दुसरी गोष्ट आकाराची. इथे तर जुनेजाणते लोकही चकतात. ९४ सेंटिमीटर घेराचे दोन भोपळे घ्या. एक चेंडूसारखा गोल, ३० सेंटिमीटर उंच. दुसरा चपटा, बसक्या मडक्यासारखा, उंची १५ सेंटिमीटर. टेपने कमरेभोवती मापले तर दोन्ही सारखेच. वरून बघितले तरी सारखेच दिसतात, आणि गाडीत रचलेला माल आपण वरूनच बघतो. पण गोल भोपळ्याचे आकारमान सुमारे १४ लिटर, चपट्याचे सुमारे ७ लिटर. उंची निम्मी झाली तसे आकारमान निम्मे झाले.

मग वजनही निम्मे का? तर नाही, आणि इथेच गंमत आहे. दोघांचाही गर पाच सेंटिमीटर जाडीचा धरा. गोल भोपळ्याच्या आत वीस सेंटिमीटर व्यासाची पोकळी राहते, म्हणजे एकूण आकाराच्या सुमारे तीस टक्के. चपट्या भोपळ्यात वरचा गर आणि खालचा गर एकमेकांच्या जवळ आल्यामुळे पोकळी जेमतेम पंधरा टक्के उरते. गराला ढोबळमानाने लिटरला एक किलो वजन धरले आणि बिया-दोरे हिशेबातून सोडले, तर गोल भोपळा दहा किलोंच्या आसपास भरतो आणि चपटा सहा किलोंच्या.

तेव्हा दोन वाक्ये पाठ करून ठेवा. घेराने तोलाल तर गोल भोपळा जड. आकारमानाने तोलाल तर चपटा भोपळा भरीव. आपल्याकडे बियाण्याच्या सरमिसळीमुळे एकाच रानात गोल, चपटे आणि लांबट अशी तिन्ही तऱ्हेची फळे निघतात. अशा मिश्र मालाचा अंदाज रानातल्या सर्वांत देखण्या, गोल फळावरून केला की नऊ टन दिसतात आणि सात भरतात.

तिसरी गोष्ट गराच्या जाडीची. फळ मोठे झाले पण गर त्या प्रमाणात जाड झाला नाही, तर काय होते? साठ सेंटिमीटर व्यासाचा मोठा भोपळा घ्या. गर दहा सेंटिमीटर असेल तर पोकळी तीस टक्केच राहते. पण गर सहाच सेंटिमीटर असेल तर निम्म्याहून अधिक भोपळा पोकळ! असा भोपळा उचलताना माणूस तोंडावर पडायला येतो, कारण जड समजून लावलेला जोर वाया जातो.

घरी एक सोपा प्रयोग करा. पोरांना बरोबर घ्या, त्यांनाही शिकायला मिळेल. पाण्याच्या हौदात सारख्या दिसणारे दोन भोपळे सोडा. दोन्ही तरंगतील, कारण आत हवा आहे. वाळका भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी अजून आपल्यात आहे, तिला हे सांगायला नको. पण जो भोपळा पाण्यात जास्त बुडालेला राहील तो जास्त भरीव, आणि जो टोपलीसारखा वर तरंगेल तो पोकळ. न कापता आतला माल कळतो.

बाराशे किलोंचा भोपळा

आता जरा लांबचे उदाहरण. कॅनडा, अमेरिका आणि युरोपात प्रचंड भोपळे पिकवण्याच्या शर्यती लागतात. आपल्याकडे बैलांच्या शर्यतीला जशी गर्दी होते तशी तिथे भोपळ्याच्या वजनाला होते. कॅनडातील विल्यम वॉर्नॉक या शेतकऱ्याने १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा आणला. तो उच्चांक सत्तर वर्षांहून अधिक टिकला. पुढे कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने निवड पद्धतीने 'अटलांटिक जायंट' ही जात तयार केली आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक स्पर्धा जिंकली. आजचे बहुतेक राक्षसी भोपळे त्याच वाणाच्या वंशातले. १९९६ मध्ये हजार पौंडांची वेस ओलांडली गेली. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचा भोपळा १०५४ किलो भरला, म्हणजे एका फळाने एक टन ओलांडला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट आणि इयान पॅटन या जुळ्या भावांचा भोपळा १२७८.८ किलो भरून जागतिक उच्चांक झाला. त्याचा घेर सुमारे साडेसहा मीटर होता.

आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परत आली, त्याला आपण कल्पना म्हणत होतो. या भोपळ्यात ती म्हातारी, तिची लेक, जावई आणि वाटेतला वाघही आरामात बसेल.

पण आकडे नीट बघा. १८३ किलोंवरून १२७९ किलो, म्हणजे वजन सातपट झाले. घेर किती वाढला असेल? आकार तोच राहिला असता तर घेर दुप्पटही व्हायची गरज नव्हती, कारण दोनाचा घन आठ होतो. वर सांगितलेला सव्वापटीचा नियम इथेही तोच.

आणखी एक बाब. इतका जड भोपळा गोल राहूच शकत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. लहानपणी फळ गोल असते. वजन वाढू लागले की ते स्वतःच्याच भाराने बसू लागते, पसरट होते आणि जमिनीकडच्या बाजूला कमान धरते. ओल्या मातीचा मोठा गोळा पाटावर ठेवला की कसा बसतो, तसेच. फरक इतकाच की मातीचा गोळा नुसता बसतो आणि भोपळा बसता बसता वाढतही असतो. वाढीच्या भरात असा भोपळा दिवसाला पंधरा-वीस किलोही चढतो. वाढ फार झपाट्याची झाली तर सालीला चीर पडते, आणि चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली की फळ स्पर्धेतून बाद. म्हणजे वजनाच्या मागे लागतानाही मर्यादा सांभाळावी लागते.

टेपने वजन कसे काढतात

टनभराचा भोपळा रोज काट्यावर कोण चढवणार? म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी टेपची रीत बसवली आहे. ते तीन मापे घेतात. पहिले जमिनीला समांतर आडवा घेर. दुसरे वरून, एका बाजूला जमिनीपासून सुरू करून फळावरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत. तिसरे तसेच, पण आडव्या दिशेने. तिन्हींची बेरीज करतात आणि शेकडो फळांच्या अनुभवावरून केलेल्या कोष्टकात वजन बघतात. मग स्पर्धेच्या दिवशी फळ काट्यावर चढते आणि कोष्टकापेक्षा जड गेले की हलके गेले ते कळते. जड जाणाऱ्या फळाचे बी लोक जपून ठेवतात, कारण त्याचा गर जाड असतो.

ही रीत आपल्या भोपळ्याला चांगली लागू पडते. वरच्याच दोन भोपळ्यांवर करून बघू. गोल भोपळ्याचा घेर ९४ सेंटिमीटर, वरून जाणारी दोन मापे प्रत्येकी ७७. बेरीज २४८. चपट्याचा घेर ९४, वरची मापे प्रत्येकी ५१. बेरीज १९६. नुसत्या घेराने जे लपले होते ते बेरजेने उघडे पडले.

आता एक हिशेब करा. बेरीज मीटरमध्ये घ्या आणि तिला तिनेच दोनदा गुणा. २.४८ चे सुमारे १५.२५ होतात, १.९६ चे साडेसात. म्हणजे गोल भोपळा आकाराने दुप्पट, हे तीन मापांच्या टेपने बरोबर सांगितले. पुढे फळाचे खरे वजन काट्यावर करा आणि त्याला या आकड्याने भागा. गोल भोपळ्याचे १० भागिले १५.२५, म्हणजे सुमारे ०.६५. चपट्याचे ६ भागिले साडेसात, म्हणजे ०.८०. याला आपण भरीव-आकडा म्हणू. आकडा मोठा तितके फळ भरीव.

प्रत्येक सभासदाने आपल्या रानातील लहान, मध्यम, मोठी अशी दहा-बारा फळे निवडून एकदा मापावीत, तोलावीत आणि वहीत लिहावीत. आपल्या वाणाचा भरीव-आकडा किती, ते कळेल. मग उरलेल्या रानाचा अंदाज करायला टेप आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे. टेप कापडी घ्यावा. फळाला खोल खाचा असतील तर टेप खाचांत दाबू नये, उंचवट्यांवरून सरळ न्यावा, आणि सर्व फळांना एकच पद्धत ठेवावी. खाचांचा भोपळा टेपला मोठा दिसतो आणि काट्यावर थोडा कमी भरतो, हेही वहीत टिपून ठेवावे.

वाशीच्या बाजारात काय दिसले

तक्रारीचा छडा लावायचा म्हणून मा. कार्यकारी संचालकांच्या परवानगीने मी आणि दोन सभासद मालाच्या गाडीबरोबर नवी मुंबईला गेलो. निघण्यापूर्वी एक केले. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही गावाजवळच्या भुईकाट्यावर तोलून पावत्या घेतल्या. रानातला अंदाज नऊ टनांचा होता. भुईकाट्यावर सातच्या आसपास निघाले. मालकाचा चेहरा तिथेच उतरला. वाशीची पट्टीही जवळपास तेवढ्याचीच आली. त्या गाडीपुरते तरी दोन टन कुठे गेले याचे उत्तर मिळाले. ते कधी नव्हतेच.

नवी मुंबईचा हा बाजार ज्यांनी बघितला नाही त्यांनी एकदा जरूर बघावा. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. मुंबई शहरातली गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे वाशी-तुर्भे भागात हलवले गेले. त्याआधी भाजीपाला भायखळ्याला उतरायचा. १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळांचा घाऊक बाजार वाशीला आला. रात्रभर गाड्या लागतात आणि पहाट होण्याआधी निम्मा बाजार उरकलेला असतो. आपण ज्या वेळी मोटार चालू करायला विहिरीवर जातो, त्या वेळी तिथला व्यापारी दुसरा चहा पीत असतो.

एका गाळ्यावरच्या व्यापाऱ्याला मी विचारले, "शेठ, मोठ्या फळाला भाव जास्त का?" तो हसला. म्हणाला, "साहेब, मोठा माल बघायला बरा, विकायला नाही. मुंबईची बाई पाव-अर्धा किलोची फोड घेते. किरकोळवाल्याने वीस किलोचा भोपळा कापला आणि संध्याकाळपर्यंत संपला नाही तर उरलेला टाकायचा." बोलणे साधे, पण त्यात सगळा धंदा आला. अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो. कापलेला भोपळा दोन दिवसांत चिकट होतो. म्हणून चार-सहा किलोचे, जाड गराचे, गडद केशरी, देठासकट असलेले फळ तिथे आधी उचलले जाते. पितृपक्ष आणि सणांच्या दिवसांत मागणी वाढते. कोहळा मात्र वेगळा. दारावर बांधायचा आणि पेठ्याचा तो धंदा निराळा आहे, त्याची सांगड याच्याशी घालू नये.

हे लक्षात घेऊन वाण निवडावे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का चंदन' दोन-तीन किलोंच्या फळांचा आणि चांगल्या गराचा आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा विश्वास' पाच किलोंच्या आसपास फळ देतो. वेलावर फार फळे राखू नयेत. विदेशी शेतकरी एका वेलावर एकच फळ ठेवतो, ते शर्यतीसाठी. आपल्याला बाजारासाठी वेलाच्या ताकदीप्रमाणे मोजकी, सारखी फळे हवीत. सकाळी मधमाश्या फुलांवर असतात तेव्हा फवारणी करू नये, कारण नर फूल आणि मादी फूल वेगळे असते आणि माशी आली नाही तर फळ वेडेवाकडे धरते. वेडेवाकडे फळ म्हणजे पोकळी जास्त, वजन कमी.

ऊसात आंतरपीक म्हणून मात्र भोपळा घेऊ नये. वेल कोवळ्या फुटव्यांवर चढतो, आंतरमशागत आणि बांधणी अडते. त्याला वेगळे रानच द्यावे.

पट्टीबद्दल एक सूचना. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाल्याचे बाजार आवाराबाहेरचे नियमन काढले आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरवले. तेव्हा पट्टी आली की नुसता शेवटचा आकडा बघून घडी घालू नका. वजन, भाव, भाडे, हमाली, तोलाई या ओळी वाचा. आडतीची ओळ दिसली तर विचारा.

आता आपल्या फडाकडे

भोपळ्याकडून ऊसाकडे येऊ. ऊस गोल नाही, लांब दांडा आहे. म्हणून त्याचे वजन लांबीच्या प्रमाणात आणि जाडीच्या वर्गाने वाढते. अडीच सेंटिमीटर जाडीचा आणि तीन सेंटिमीटर जाडीचा, सारख्या उंचीचे दोन ऊस घ्या. जाडीतला फरक बोटभरही नाही. पण वजन ४४ टक्क्यांनी वेगळे. बांधावरून फड बघताना आपल्याला उंची दिसते आणि दाटी दिसते. जाडी दिसत नाही. म्हणून फडात डोक्याएवढा ऊस उभा असूनही टनेज पडत नाही.

एकरी चाळीस हजार गाळपालायक ऊस धरले आणि एकाचे वजन एक किलो भरले, तर चाळीस टन. तेच दीड किलो भरले तर साठ टन. संख्या तीच, वीस टनांचा फरक. राक्षसी भोपळ्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की, त्यांची पाने इतर भोपळ्यांपेक्षा फार जास्त साखर तयार करतात असे नाही. पानातली साखर फळाकडे वाहून नेणाऱ्या नलिकांचे जाळे त्यांच्यात मोठे असते. वर शेतकरी एकच फळ राखतो, त्यामुळे सगळा ओघ एकीकडे वळतो. आपला ऊसही तसाच. पानांनी केलेली साखर वाटून घ्यायला फडात उशिरा आलेल्या फुटव्यांची गर्दी झाली की सगळेच ऊस बारीक राहतात. योग्य अंतर, वेळेवर बाळबांधणी आणि मोठी बांधणी, उशिरा येणाऱ्या फुटव्यांना आळा हे आम्ही सतत सांगतो, ते त्यासाठी.

पोकळीचेही तसेच. तुरा आलेला ऊस फार दिवस फडात उभा राहिला की त्याला दशी पडते. बाहेरून कांडी तशीच, आतून भेंडासारखी. दिसायला ऊस, वजनाला वाढे. आणि भोपळा तोडून ठेवला तर महिने टिकतो, ऊस तोडल्यावर चोवीस तासांतच गव्हाणीत पडला पाहिजे. बांधावर मोळी सुकली की आधी वजन जाते, मागोमाग उतारा जातो.

सभासदांनी काय करावे

फडाचा अंदाजही टेपनेच करा. फडात पाच ठिकाणी दहा-दहा फुटांच्या सरीतील गाळपालायक ऊस मोजा. कडेची ओळ घेऊ नका, ती नेहमी फसवी असते. प्रत्येक ठिकाणचे चार-पाच ऊस तोडून, वाढे काढून, साध्या काट्यावर तोला. सरासरी काढा आणि वहीत लिहा. गटाचे कृषी सहाय्यक मदतीला येतील. त्यासाठी गट कार्यालयात नाव द्यावे.

गाडी कारखान्यावर आणण्यापूर्वी बाहेरच्या प्रमाणित भुईकाट्यावर तोलायची असेल तर खुशाल तोलावी. त्याला आपल्या कारखान्याची हरकत नाही. दोन पावत्यांत फरक आढळला तर त्याच दिवशी, दोन्ही पावत्या घेऊन शेतकी कार्यालयात यावे. वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करण्याचा हक्कही आपल्याला आहे. पण पारावर बसून "साठ दिसत होता" एवढ्यावर भांडण करून काही हाती लागत नाही. दिसण्याची पावती मिळत नाही. भोपळ्याच्या गाडीचेही तसेच. निघताना तोललेले असेल तर बाजारात ताठ मानेने विचारता येते, आणि खरोखर कोणी मारले असेल तर ते तिथल्या तिथे पकडता येते.

घरच्या मंडळींसाठी शेवटी एक. जो भोपळा मापायला घ्याल त्याचे पुढे घारगे करावेत. गर किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची आणि तळायचे. एका भोपळ्यातून किती गर निघाला तो वहीत लिहायला विसरू नये. येत्या गट बैठकीला येताना ती वही बरोबर आणावी. ज्या वाणाचा भरीव-आकडा सर्वांत चांगला निघेल त्याचे बी पुढच्या उन्हाळ्यासाठी सर्वांनी मिळून राखू. मात्र ते बी सरळ वाणाचे असावे. संकरित वाणाचे राखलेले बी पुढच्या वर्षी तसेच फळ देत नाही.

कळावे.